बस एक वाजता येते

जागतिक आरोग्य या विषयात परदेशी जाऊन एमएस्सी करायची की नाही, यावर घरात महिनाभर खल चालला होता. विद्यापीठाने प्रवेश दिला होता, होकार तेवढा मला कळवायचा होता. मी नाहीच म्हणत होते. नरखेड तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात मी डॉक्टर. जग मला रोज ओपीडीत भेटतं, असा माझा तोरा होता.

आमच्याकडे गरोदर बाया तपासणीला येत नाहीत, अशी वरून सारखी ओरड. कारण साधं होतं. तपासणी बाराला बंद आणि लांबच्या गावांची एसटी येते एक वाजता. तपासणी दुपारी ठेवा, असं मी प्रत्येक बैठकीत सांगायची. साहेब म्हणायचे, "मॅडम, बायांमध्ये जागृती नाही. तुम्ही ती करा." जागृतीने एसटी लवकर येते की काय, देव जाणे.

मग परदेशातून एक मुलगी पाहणीसाठी आली, याच विषयात पदवी घेतलेली. दोन आठवडे मी तिला स्कूटीवर मागे बसवून गावं दाखवली, बायांचं बोलणं इंग्रजीत करून सांगितलं. एसटीचंही सांगितलं.

नागपूरच्या बैठकीत तिने पडद्यावर त्या एसटीचा फोटो दाखवला. बाया का येत नाहीत? तर बस एक वाजता येते! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "हे आपल्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही," असं म्हणाले, तेही माझ्याकडे बघून! तपासणीची वेळ तिथल्या तिथे बदलली. मुलीने माझे आभार मानले, 'स्थानिक मदतनीस' म्हणून. पोरगी वाईट नव्हती, त्यामुळे तर आणखीच संताप आला. गाव तेच, बस तीच. तिने सांगितलं की संशोधन, मी सांगितलं की कटकट.

घरी येऊन मी चहाचा कप ओट्यावर आपटला.

"काहून आदळआपट करून राहिली वं?" आई म्हणाली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "पिकते तिथं विकत नाही, माहीत नाही का तुले?"

म्हण खरी होती, म्हणून तिचाही राग आला. मी काय काटोलचं संत्रं आहे, दूर गेल्यावर भाव यायला? पण लॅपटॉप उघडला आणि तणतणतच होकार कळवून टाकला.

"जाऊन राहिली मी," आईला सांगितलं.

"अन् तिथं काय शिकवतीन तुले?"

"बस किती वाजता येते, ते."