घासलेली खाच

रमेश गेल्याचा फोन डिंगोऱ्याहून आला, तेव्हा दुःखाच्याही आधी मनात आलं... आता कोणाला कळणार नाही. महिना झाला, त्या विचाराचीच भीती वाटते. म्हणून लिहितोय.

दोन हजार सहाच्या सुमाराला आम्ही दोघं पेठला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. मशीनं संथ चालायची, म्हणून मालकांनी मला पुण्याहून रॅम आणायला पाठवलं. "व्होल्टेज बघून आण रं," रमेश म्हणाला. "मला शिकवतो का राव?" मी हसण्यावारी नेलं. आणलेली रॅम नव्या जातीची निघाली, एक पूर्णांक आठ व्होल्टची. आमच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड द्यायचा अडीच. चुकून भलतीच बसू नये म्हणून रॅमच्या पट्टीच्या कडेची खाच मुद्दाम जरा सरकवलेली असते. पण आमच्या घरी पाण्याच्या मोटारी दुरुस्त व्हायच्या, आणि जे बसत नाही ते कानशीनं घासून बसवायचं, एवढंच मी बघत आलो होतो. चूक कबूल करायची लाज वाटली. मी खाच घासली, रॅम दाबून बसवली, आणि गप्प राहिलो.

सकाळी बटण रमेशनं दाबलं. चट्ट आवाज, धूर, समोरच्या मुली किंचाळत बाहेर पळाल्या. मालक ओरडले, "काय केलंस रे?" रमेश स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. "सर, मी नुसतं चालू केलं वो..." त्या गोंधळात मी रॅम उपसून खिशात घातली. मांडीला चटका बसत होता, तरी हात खिशावर दाबून ठेवला. आठवड्यात त्याला काढलं. पुन्हा त्यानं कॉम्प्युटरला हात लावला नाही, शेतीच बघितली. बाजारात तो लांबून दिसला तरी मी दुसऱ्या गल्लीत वळायचो. गाठलंच तर विचारायचा, "माझं काय चुकलं आसंल रं?" मी म्हणायचो, "अर्थिंग गेलं असेल." असं किती वर्षं...

मागच्या आठवड्यात डिंगोऱ्याला रमेशच्या घरी जाऊन वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमचं भ्या आज गेलं आसंल. त्यांचं न्हाई गेलं कधी." घरात अंधारत आलं होतं. त्यांनी लेकीला दिवा लावायला सांगितलं. पोरीनं पायात चपला घातल्या, बटणांच्या बोर्डाशेजारी टांगलेली सुकी काठी काढली, दुसऱ्या हातानं मला मागं सारलं.

"काका, लांब व्हा. आप्पा कुणालाच जवळ थांबू द्यायचे न्हाईत."

आणि डोळे घट्ट मिटून तिनं काठीनं बटण दाबलं.