भालेरावजींचा पाच वॅटचा पहारा

महूहून फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये फ्रिजचं तापमान लिहीत होतो. भालेरावजी गेले... झोपेतच. त्याला आज पाच आठवडे झाले.

खजराना भागातल्या आमच्या धर्मादाय दवाखान्यात लसींचा एक फ्रिज आहे. लस दोन ते आठ अंशांतच राहिली पाहिजे. माझे मित्र भालेरावजी निवृत्त तंत्रज्ञ. त्यांनी फ्रिजवर तळहाताएवढा बोर्ड बसवला, पाच वॅटसुद्धा न खाणारा. त्यात मेमरी कार्डावर नको ते सगळं काढून टाकलेली लिनक्स प्रणाली, फ्रिजच्या आत सोडलेली तापमापकाची वायर आणि बोर्डापुरती छोटी बॅटरी. दर मिनिटाला लॅपटॉपवर आकडा. अट एकच : आधी बंद करण्याची कमांड द्यायची, दिवा विझला की मगच बॅटरीकडून बोर्डाला येणारी वायर काढायची.

मे महिन्यात एका दुपारी मी धूळ पुसायला म्हणून सरळ तीच वायर उपटली. बोर्ड पुन्हा सुरू होईना. मेमरी कार्ड बिघडलं होतं. भालेरावजींना फोन केला, आणि तेवढ्यात वीजच गेली. दुसऱ्या दिवशी बेचाळीस मुलांना लस द्यायची होती. मी काचेचा तापमापक आत ठेवला आणि दर दहा मिनिटांनी दार उघडून नोंद घेऊ लागलो. पाच पॉइंट तीन. सहा पॉइंट दोन. सात पॉइंट चार...

भालेरावजी बसने आले. खिशात जादा कार्ड.

"भिया, चालू बोर्डाची वायर ओढलीत? तो काय टेबल फॅन आहे?"

मी पुन्हा दाराकडे हात नेला. त्यांनी दाराला पाठच टेकवली.

"अरे, तुम्हीच तर गरम करताय त्याला! आकडा बघायला दार उघडता, म्हणून आकडा वाढतो. बैठो आता."

"पण आत किती आहे, कळणार कसं?"

"नाही कळणार. थोडी देर नाही कळलं तर चालतं."

कार्ड बदलून बोर्ड सुरू व्हायला वीस मिनिटं लागली. मी इतका वेळ आकड्याशिवाय कधी बसलो नव्हतो. मग लॅपटॉपवर उमटलं, सात पॉइंट सहा. पुढच्या मिनिटालाही तेच. मग सात पॉइंट सात... आणि वीज आली. एकही लस फेकावी लागली नाही.

आदल्या दिवसाचा सर्वांत जास्त आकडा तो बोर्ड रोज सकाळी दोन फोनवर पाठवतो, माझ्या आणि त्यांच्या. गेल्या रविवारी महूला गेलो तेव्हा वहिनींना विचारलं, "त्यांचा नंबर यादीतून काढू का?"

त्यांचा फोन वहिनींच्या हातातच होता.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण परवा सात पॉइंट एक कसा झाला? दार कोण उघडत होतं?"

"मीच, वहिनी."