मृगातला डाग

आमच्या दुर्बिणीच्या गोष्टी मी ठरवून सांगत नाही. कुणी वर बघून नुसतं "वा!" म्हटलं, की एक निघते, आणि तिच्यामागे बाकीच्या लायनीत उभ्या! नीट समजावून मात्र मागू नका. तेव्हा आम्हालाच अर्धं कळत नव्हतं.

लढाईचे दिवस. नगरला आम्ही तिघं: शाळेतले गद्रे मास्तर, फोटो स्टुडिओवाले चाँदभाई आणि कचेरीतला कारकून मी. मास्तरांनी दोन वर्षं काच घासघासून दुर्बिणीचा आरसा केला होता. त्यातून मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा, हे त्यांचं एकच वेड. बाजारात फोटोच्या काचेच्या प्लेटा मिळत नव्हत्या. चाँदभाईंकडे दोनच उरल्या होत्या, त्या त्यांनी मास्तरांना दिल्या.

*

दुर्बिणीतून बघायचा पहिला मान मास्तरांच्या बायकोला. मृगाच्या बाणाखाली तो धुरकट उजेड त्यांनी नीट बघितला आणि म्हणाल्या, "काच अजून जरा पुसायला हवी होती!"



*

तारे सरकतात, म्हणून फोटो निघेपर्यंत अर्धा तास दुर्बीण त्यांच्यामागे फिरवत राहायची, असं मास्तरांनी चाँदभाईंना सांगितलं. भाई चक्रावले.

"अर्धा तास? आन् गिऱ्हाईक हलत ऱ्हानार? मास्तर, असलं गिऱ्हाईक मी दुकानात बसवून घेत न्हाई!"

*

पहिल्या प्लेटीला मास्तर डोळा लावून सांगणार आणि मी समोर बसून दुर्बीण सरकवायचा स्क्रू फिरवणार.

"उजवीकडे!" मी उजवीकडे. "अहो, उजवीकडे!" मी आणखी उजवीकडे. अर्ध्या तासानं ध्यानात आलं, आम्ही समोरासमोर बसलोय!

प्लेट धुतली, तर सगळे तारे गांडुळासारखे. चाँदभाईंनी ती उलटसुलट करून बघितली. "मास्तर, ह्यातला मृग कंचा?"

*

उरली एकच प्लेट. या खेपेला स्क्रू मास्तरांनी स्वतःच धरला. नंतर स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली तारे उमटले, आणि त्यांच्यामध्ये पंख पसरल्यासारखा काळा ढग. निगेटिव्हवर उजेड काळाच दिसतो. मास्तर रडले, खरंच रडले. प्लेट रॅकवर वाळत ठेवून आम्ही घरी गेलो.

सकाळी नेहमीसारखे स्टुडिओतले जुने कारागीर रहीममामू कामावर आले. तीस वर्षं त्यांचं एकच काम: रॅकवरची निगेटिव्ह घ्यायची आणि तिच्यावर दिसतील ते काळे डाग पात्यानं खरवडून काढायचे. आम्ही पोचलो तेव्हा मामूंनी खुशीत प्लेट पुढे केली.

"तारं झकास आल्यात. मधी ह्यो एवढा डाग पडला हुता, साफ केला!"

मास्तरांनी प्लेट उजेडाकडे धरली; ढगाच्या जागी नुसती स्वच्छ काच. मला मामूंचा भयंकर राग आला. मामू बिचारे आमच्या तोंडांकडे बघतच राहिले.

अंधार पडल्यावर मास्तरांनीच त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. "मामू, तुम्ही खरवडलंत ते हे."

मामूंनी वाकून डोळा लावला. मग त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात घट्ट धरले.

"या अल्ला! हाय की मास्तर, अजून जाग्यावर हाय!"