पेटीवाल्यांचा पहिला मेळावा

नाताळ होऊन गेला होता आणि सावली गावच्या शिवारात धानाच्या गंज्या लागल्या होत्या. चर्चमधली रविवारची उपासना संपत आली होती. शेवटच्या गीताचं पान उघडून मी पायपेटीवर तयार बसले होते. पण पाळकसाहेब गीत सांगायच्या आधी थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक बातमी आहे. आपल्या पेटीवाल्या बाईंसाठी खास."

सगळं चर्च माझ्याकडं वळून पाहू लागलं. मी मिशनच्या शाळेत मास्तरीण होते, लग्न व्हायचं होतं, आणि अशा नजरांची मला धास्ती वाटे. पण बातमी वेगळीच होती. चांदा जिल्ह्यात ज्या ज्या चर्चमध्ये पायपेटी आहे, तिथल्या वाजवणाऱ्यांचा आठवडाभराचा वर्ग भरणार होता, आणि तो आमच्या सावलीत. नागपूरहून एक बाई शिकवायला येणार होत्या. शेवटच्या रविवारी सगळ्यांचं मिळून गायन. पुढं ईस्टरला चांद्यात पुन्हा जमायचं. पावसाळा सरला की वडशाला, आणि तिथं पेटी उघडून साफ कशी करायची ते शिकायचं.

त्या दिवशी शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं मी दोनदा वाजवलं. लोक बिचारे दोनदा गायले.

हा आनंद समजायला माझी अवस्था सांगायला हवी. आमची पायपेटी म्हणजे एक बुटकं कपाटच. खाली दोन पावड्या. त्या पायांनी आळीपाळीनं दाबल्या की भात्यात हवा भरते, आणि वर दोन्ही हातांनी वाजवायचं. एका परदेशी मडमेनं मला जेमतेम शिकवलं आणि ती मायदेशी निघून गेली. त्यानंतर मी एकटीच. चुकलं तर सांगणारं कोणी नव्हतं. जमलं तरी कळणारं कोणी नव्हतं. पेटी वाजवणारं दुसरं माणूस मी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि आता अशी माणसं रेल्वेनं, मोटारीनं, नदीतल्या डोंग्यानं माझ्या गावी येणार होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर खडूनं सगळे कार्यक्रम लिहून टाकले. रोज सकाळी तो फळा वाचायला माणसं थांबू लागली. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली एक बाई रोज आमच्या दारावरून टोपली घेऊन जायची. तिनं विचारलं, "काय लिवलं हाये बाई?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजे पायानं पेटी वाजवाची शाळा? मोठ्या मानसाईची?"

"हो."

"मंग त्याईच्या जेवनाले मासोळी माझ्याकडूनच घ्या," ती म्हणाली आणि हसत पुढं गेली.

एक अडचण मात्र होती. आमच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. पाय मारले की सुरांच्या आधी फुसफुस ऐकू येई. एरवी मी ते गाण्यात दडवत असे, पण पाहुण्यांपुढं कसं दडणार? बाजारात गाद्या आणि घोड्यांची खोगिरं शिवणारे एक मुसलमान चाचा होते. त्यांना बोलावलं. त्यांनी पेटीची पाठ काढली, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. मग मऊ कातड्याचे तुकडे सरस लावून बसवले. "अब चलाओ, बाई," म्हणाले. मी पावड्या दाबल्या. फुसफुस गेली होती, आणि सूर असा दणकट आला की मी दचकले. चाचा खूष झाले. "ज्या दिवशी सगळे वाजवतील, त्या दिवशी मी पन ऐकाले येईन," असं सांगून गेले.

माणसं यायला लागली. चांद्याहून दोघी बहिणी आल्या, त्या एकाच बाकावर बसून चार हातांनी वाजवायच्या. वडशाहून छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीनं मूल गावापर्यंत आणि तिथून मोटारीनं एक म्हातारे भाऊ आले. पांढऱ्या मिशा, खांद्यावर धोतरात बांधलेली हातपेटी. हिवाळाभर ते गावोगावच्या नाटकांत पेटी वाजवायचे आणि रविवारी चर्चमध्ये. रात्री नाटकाची साथ करून ते थेट आले होते. बाकावर टेकले आणि नागपूरच्या बाईंचं पहिलं वाक्य संपायच्या आत झोपी गेले.

नागपूरच्या बाई मध्यमवयीन, चेहऱ्यानं करड्या, पण आवाज गोड. त्यांनी भाऊंना उठवलं नाही. त्या पेटीवर बसल्या आणि मी पाच वर्षं वाजवत होते तेच गीत त्यांनी वाजवलं. तेच गीत! पण माझ्या वाजवण्यात ते एका वाटेनं चालायचं. त्यांच्या हाताखाली जणू चार जणं बरोबर चालत होती, कधी एक पुढं, कधी दुसरं. माझे हात मांडीवर आपोआप हलू लागले. भाऊ डोळे उघडून ताठ बसले.

"बाई," ते म्हणाले, "हे मले शिकवा. झोपनार नाई आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग चालू असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. पांढरं लुगडं धुळीनं लाल झालेलं, हातात जुन्या पातळात गुंडाळलेली लांबट वस्तू. ती भामरागडकडच्या एका लहानशा दवाखान्यात नर्स होती. बैलगाडीनं आलापल्ली, तिथून लाकडाच्या ट्रकमध्ये बसून गडचिरोली, मग डोंग्यानं वैनगंगा ओलांडून ती आली होती.

"उशीर झाला," ती म्हणाली. "नदीवर डोंगा नव्हता."

"तुमच्याकडं कोणती पेटी आहे?" नागपूरच्या बाईंनी विचारलं.

ती खाली बसली. मग पातळ सोडलं. आत सागवानाची फळी होती. फळीवर चुन्यानं पांढऱ्या आणि डांबरानं काळ्या पट्ट्या रंगवल्या होत्या.

"पेटी नाई जी आमच्याइथी," ती म्हणाली. "नागपूरले शिकत होती तवा थोडं शिकली. मंग जंगलात बदली झाली. विसरून जाईन म्हून हे काढलं. रोज दवाखाना बंद झाल्यावर वाजवते."

"यावर?" चांद्याच्या बहिणींतली एक म्हणाली. "पण ऐकू काय येतं?"

"मनात येते."

कुणी हसलं नाही. भाऊ उठले, फळी हातात घेतली आणि तिच्यावरून अलगद बोटं फिरवली. जिथं तिची बोटं रोज पडत होती तिथला चुना झिजून लाकूड दिसत होतं.

नागपूरच्या बाईंनी तिला आमच्या पेटीवर बसवलं. तिनं पदर खोचला, बोटं अगदी बरोबर जागी ठेवली आणि दाबली. काहीच वाजलं नाही. तिनं पुन्हा दाबली. तिचा चेहरा उतरला.

"काऊन बोलत नाई हे?"

"पाय!" मी आणि भाऊ एकदमच ओरडलो. फळीला भाता कुठला असणार? पाय मारायचे हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी पुढं झाले, तिच्या शेजारी अर्ध्या बाकावर बसले आणि माझ्या पायांनी भाता भरला. "आता वाजवा."

सूर निघाला तशी तिनं चटका बसल्यासारखे हात उचलले. मग हसली, मग पुन्हा ठेवले. गाणं सुरू झालं. हळू, पण बोटं कुठं अडखळत नव्हती. आम्ही सगळे श्वास धरून ऐकत होतो. चाल वर चढली, आणि तिथं बेसूर झालं. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथंच बेसूर. तिसऱ्या वेळीही तेच.

नागपूरच्या बाईंनी फळी घेतली आणि पेटीच्या पट्ट्यांशेजारी धरली. बोट ठेवत ठेवत वर गेल्या आणि थांबल्या. वरच्या सप्तकात एक पांढरी पट्टी काढायची राहून गेली होती. त्यामुळं चाल वर गेली की तिचं बोट खऱ्या पेटीवर एक पट्टी खालीच पडत होतं.

नर्सबाईच्या लक्षात आलं तेव्हा ती बाकावरून उठली. "म्हंजे इतकी वर्सं मी चुकीचंच वाजवून राह्यली का?" ती म्हणाली. "रोज संध्याकाळी, आजाऱ्याईसमोर बसून..."

भाऊंनी बाईंच्या हातातली फळी घेऊन उलटी केली. मग भाऊ म्हणाले, "बाई, चूक तुमच्या बोटाची नाई. फळीची हाये. फळीले दुसरी बाजू असते का नाई?"

त्यानंतरची दुपार मला फार आवडते. वर्ग तिथंच थांबला. आम्ही पायपेटीच्या पट्ट्यांवर फळी उलटी टेकवून पेन्सिलीनं एकेक खूण केली. चांद्याच्या बहिणी मोजत होत्या आणि एकमेकींशी भांडत होत्या. गादीवाल्या चाचांकडून डांबर आणलं, शेजारून चुना आणला. शाळेच्या अंगणात फळी मांडून नागपूरच्या बाईंनी स्वतः काळ्या पट्ट्या रंगवल्या, आणि त्यांच्या करड्या पातळाला डांबर लागलं ते लागलंच. भाऊ शेजारी हातपेटी घेऊन बसले. एकेक पट्टी रंगवून झाली की तिचा सूर वाजवून दाखवायचे. "ही सा. ही रे. ऐकून ठेवा बाई, रंग वाळेपर्यंत." नर्सबाई हसू लागली. वर्गात शिकलो नसतो इतकं आम्ही त्या अंगणात शिकलो, कारण प्रत्येक सुराचं नाव, जागा आणि आवाज आम्हीही तिच्याबरोबर पुन्हा पाठ केला.

पुढच्या दिवसांत तिला पायांचं वळण लागलं. सकाळी आम्ही पाच रेघांवरचे काळे ठिपके वाचायला शिकायचो. माझी बोटं डोळ्यांच्या मागं राहायची. दुपारी देशी चालीच्या गीतांवर भाऊ मास्तर व्हायचे, कारण त्या चाली नागपूरच्या बाईंनाही त्यांच्यासारख्या वळवता येत नव्हत्या. जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि त्या मासेवाल्या बाईच्या मासोळ्या. जेवताना सगळे एकदम बोलायचे: कुणाच्या पेटीचा कुठला सूर अडकतो, कोणतं गीत कुणाच्या चर्चमध्ये जलद म्हणतात. मला वाटायचं, हे सगळं मला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि आजवर ते पोटातच होतं.

शेवटच्या रविवारचं शेवटचं गीत कोण वाजवणार, असं नागपूरच्या बाईंनी विचारलं. भाऊंनी माझं नाव घेतलं. मी नर्सबाईचं घेतलं.

"मले नाई जमत," ती म्हणाली. "एवढ्या लोकाईसमोर?"

"तुमच्या दवाखान्यात तुम्ही आजाऱ्यांसमोर वाजवता ना?" नागपूरच्या बाई म्हणाल्या.

"फळीचं त्याईले ऐकू येत नाई न बाई! चुकलं तरी कोनाले कळते?"

सगळे हसलो, तीही हसली, आणि ठरलं.

रविवारी चर्च भरून लोक दारात आणि खिडक्यांशी उभे होते. चाचा पुढंच, टोपी नीट करून. मासेवाली बाई सुनेला घेऊन आली होती. भाऊंनी हातपेटीवर वडशाच्या थाटात एक भजन सुरू केलं तसं पाळकसाहेबही ताल धरू लागले. मी माझं गीत वाजवलं, बरोबर चालणाऱ्या त्या चौघांपैकी तिघं मला जमली. आणि मग नर्सबाई बसली. पायांनी भाता भरला, एकदा माझ्याकडं पाहिलं. पहिल्या ओळीला ती फार हळू होती. दुसरीला लोक गाऊ लागले. मग चाल वर चढली. तिनं मान थोडी वाकवली, बोट टाकलं, आणि सूर नेमका लागला. तिच्या तोंडून "अगं माय!" निघालं ते पहिल्या दोन बाकांनी ऐकलं. पण हात थांबले नाहीत. शेवटच्या कडव्याला चर्चचं छप्पर उडेल असे लोक गात होते, आणि मी गायचं सोडून नुसती तिच्या पाठीकडं पाहत होते.

ईस्टरला आम्ही ठरल्याप्रमाणं चांद्याला जमलो. तिथल्या चर्चच्या खोलीत एक घडीची लहान पेटी मोडून पडलेली सापडली. तिच्या अर्ध्या सुरांना गंज चढला होता. भाऊंनी ती उघडली, आम्ही सगळ्यांनी मिळून घासली, पुसली, चाचांनी दिलेलं कातडं तिच्या भात्याला लावलं. चांद्याच्या मंडळींनी ती नर्सबाईला देऊन टाकली. पाऊस लागायच्या आत ती पेटी आलापल्लीच्या ट्रकमधून, गवताच्या पेंढ्यांत गुंडाळून भामरागडला पोहोचली. मग नद्या चढल्या, रस्ते बंद झाले आणि महिनोन्महिने तिकडची काहीच खबर आली नाही.

पावसाळ्यानंतर वडशाला नर्सबाई आली, तेव्हा एकटी नव्हती. बरोबर दोन माडिया आदिवासी बायका होत्या, दवाखान्यात काम करणाऱ्या. दोघीही पेटीवर बसल्या आणि तिनं शिकवलेलं गीत वाजवत माडिया बोलीतून गायल्या. शब्द आमच्यापैकी कुणालाच कळले नाहीत. चाल सगळ्यांना येत होती, आम्ही मागून धरली.

निघताना वडशाच्या फलाटावर पुढचा वर्ग कुठं घ्यायचा यावर वाद चालला होता. नर्सबाई म्हणाली, "आमच्याकडं या. भामरागडले."

"कसं यायचं?" चांद्याच्या बहिणी म्हणाल्या. "वाघ आहेत तिकडं!"

"मीच येऊन राह्यली ना इकडं? मले खाल्लं का त्यानं?"

गाडी शिटी देत आली तरी वाद संपला नाही, आणि गाडीत बसल्यावर खिडकीतून मीच ओरडले, "येऊ, येऊ!"

आणि आम्ही खरंच गेलो. पुढच्या थंडीत लाकडाच्या रिकाम्या ट्रकमध्ये पेंढा पसरून, भाऊ आठवडाभराची नाटकं सोडून आलेले, नागपूरच्या बाई दोरीला धरून मध्ये बसलेल्या. खाचखळग्यांत आम्ही एकमेकांवर आदळत होतो आणि गात होतो. ट्रक थांबला तेव्हा सगळ्यांच्या भुवया धुळीनं लाल झाल्या होत्या. दवाखान्यापुढं माणसं गोळा झालेली, नर्सबाई पाण्याची घागर घेऊन धावत आलेली. नागपूरच्या बाई खाली उतरल्या. पाणी पिण्याआधी, चष्म्यावरची धूळही न पुसता त्यांनी विचारलं, "पेटी कुठं आहे?"