चाचांचा पट्टीवाला फोटो

हमीदचाचांचा फोटो माझ्याकडं आहे. तो मी देणार नाही.

सकाळपासून तालमीच्या ग्रुपवर एकच धोशा लावलाय. ताई, तो पट्टीवाला फोटो टाक. ताई, फ्लेक्सवाला खोळंबलाय. ताई, मोठ्या साइजचा पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फुटतोय.

फुटू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चाचा मूळचे बिहारचे. शिरोलीकडं फौंड्रीत कामाला होते आणि आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचे. मी शाळेत असताना आले. माझं लग्न झालं तरी तिथंच होते. बायको आणि मुलगी गावाकडं.

संतबिंत अजिबात नव्हते. आईच्या आमटीला नावं ठेवायचे आणि वाटी मात्र चाटूनपुसून परत द्यायचे. पत्त्यात लबाडी करायचे. त्यावरून माझ्या वडिलांशी, आबांशी, दर आठवड्याला भांडण.

पण खरं वेड फुटबॉलचं.

पेठेच्या, म्हणजे आमच्या तालमीच्याच, टीमची मॅच असली की चाचांची फौंड्रीला दांडी ठरलेली. गावाकडं कुणीतरी मयत झालं, हे एकच कारण. शेवटी आबा म्हणाले, "हमीद, तुझ्या गावात आता माणूस शिल्लक हाय का न्हाय?"

मैदानात शिव्या द्यायचे त्या निम्म्या भोजपुरी, निम्म्या अस्सल कोल्हापुरी. रेफ्रीला दोन्ही कळायच्या.

एका फायनलला समोरच्या पेठेच्या पोरांशी राडा झाला. दगड आले. त्यातला एक चाचांच्या कपाळावर.

दवाखान्यात टाके घातले आणि तालमीच्या पोरांनी त्यांना खांद्यावर बसवून, हलगी लावून घरी आणलं. डोक्याला पट्टी, खांद्यावर टीमचा झेंडा, आणि तोंडावर असं हसू की गोल यांनीच मारला. तेव्हा आमच्या दारात मी मोबाइलवर काढलेला हा फोटो.

बाळू तेव्हा साधा कार्यकर्ता होता. आता तालमीचा अध्यक्ष आहे. आमच्या उंबऱ्यात उभं राहून म्हणाला होता, "आजपासनं चाचा पेठेचा माणूस. कोण काय बोललं तर मला सांगायचं."

सांगायची वेळ आलीच.

कुणीतरी, कुठंतरी, कसलंसं स्टेटस ठेवलं. चाचांना स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता यायचा नाही, स्टेटस लांबच. पण शहर बंद झालं. मोर्चा निघाला, दुकानांची शटरं फोडली, गाड्या पाडल्या.

मग ग्रुपवर मेसेज. बाहेरची माणसं कुठं कुठं राहत्यात ती हुडका. घरमालकांनी खोल्या रिकाम्या करून घ्या.

तालमीतले दोघं आबांकडंही आले होते. आबांनी त्यांना अशा शिव्या घातल्या की आईनं कान झाकले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मागच्या पत्र्यावर दगड पडायला लागले.

मी तेव्हा माहेरीच होते. आम्ही पळत बाहेर आलो. बोळाच्या तोंडाला आमचीच पोरं. ज्यांना मी खांद्यावर हलगी अडकवून नाचताना बघितलंय, ती. मारला कुणी, ते एकजण सांगेना.

बाळू पुढं आला. समजूत घालायच्या सुरात म्हणाला, "चाचा, तुमच्याबद्दल न्हाय हो हे. बाहेरच्यांबद्दल हाय."

चाचा दारात उभे होते. कपाळावर टाक्यांची खूण.

त्याच आठवड्यात बॅग भरली. झेंडा खिळ्यालाच ठेवला. सीझनला परत यायचंय, तेव्हा लागेल म्हणाले.

मग गावाकडून त्यांचे फोन यायचे. आधी स्कोर विचारायचे, मग बाकावर कोण बसलं, कोच कसा गाढव आहे ते. आणि फोन ठेवताना हळूच, माहौल कसा आहे?

आबा तालमीत गेले. "बाळू, मी बोलवून त्यो येत न्हाय. तुला भिऊन गेलाय, तूच बोलीव. एक फोन कर."

"करतो की आबा. वातावरण निवळू दे."

आबा परत गेले. परत तेच उत्तर. कधी निवडणूक होती, कधी मिरवणूक होती, कधी आणखी कुणाचं स्टेटस. एक सीझन गेला, दुसरा गेला. वातावरण निवळायचं कसं? हातात पळी घेऊन ढवळत तर तुम्हीच बसलेला.

परवा चाचा गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या मुलीचा, शबनमचा, फोन आला. आबा खोलीची किल्ली घेऊन मागं गेले ते अंधार पडेपर्यंत तिथंच बसून होते.

आणि आज फ्लेक्स. चौकात लावायचा, चांगला दोन मजली. डिझाइन ग्रुपवर आलंय, चाचांची जागा तेवढी रिकामी. पेठेचा वाघ हरपला. खाली बाळूचा हात जोडलेला फोटो आणि शोकाकुल म्हणून गॉगल लावलेल्या पोरांच्या रांगा.

फोन करायला जमलं नाही, फ्लेक्स लगेच जमला.

बाळू, तुझं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. तू ढसाढसा रडलास म्हणे, रडला असशील. त्याचाच मला जास्त राग येतो. एवढा जीव होता तर एक फोन का नाही केलास रे?

पट्टीवाला फोटो मी शबनमला पाठवला. आधारकार्डावरचा सोडला तर त्यांच्या घरात चाचांचा एकही फोटो नव्हता. टाक्यांचं त्यांनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. मॅच, दगड, हलगी. ती रडता रडता हसली.

मग तिनं विचारलं, "दीदी, कंधे पर ये झंडा कहाँ का है?"

मी म्हटलं, "उनके गाँव का."

सलाम, चाचा.

शोकाकुल आम्ही तिघंच. आबा, आई आणि मी.