लाल गाडी कुठे लावायची?

मी इन्शुरन्सचा सर्व्हेअर. कोणाची गाडी कुठे ठोकली, की जाऊन फोटो काढायचे, पत्रा किती आत गेला ते बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. बावीस वर्षं नाशिकमध्ये हेच करतोय. लोकांना वाटतं, याच्याकडे अपघातांचे किस्से पोत्याने असतील. आहेतही, पण ते सगळे एकाच छापाचे. प्रत्येक किश्श्यात समोरचा राँग साइडने आलेला असतो. माझ्याकडचे खरे किस्से जमले ते एका अशा गाडीमुळे, जिच्यावर दीड वर्षात साधा ओरखडा उमटला नव्हता. ही गाडी पशाची.

पशा म्हणजे प्रशांत. पिंपळगाव बसवंतला त्याचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे, पण राहतो नाशिकला, गंगापूर रोडच्या आत एका बंगल्यात. आम्ही चौघं शाळेपासूनचे. तिसरा गांगुर्डे, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवतो. आठवीत असताना तो आम्हाला गणितं समजावून द्यायचा, तेव्हापासून त्याला आम्ही 'सर'च म्हणतो. चौथा इरफान, द्वारका चौकाजवळ त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. दर रविवारी सकाळी चौघांनी मिसळ खायची, हा वर्षानुवर्षांचा नेम.

पशाच्या आठवीच्या वहीवर एका लाल गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी त्याने ती आणली. दोन दारं, दोन सीट, आणि उंची इतकी कमी की आत बसायचं तर आधी देवासमोर वाकल्यासारखं वाकायचं. त्यासाठी घरातली जुनी मोठी गाडी विकली. वहिनींकडे स्कूटर होतीच. पुढचे किस्से जमवायला आम्हाला काहीच करावं लागलं नाही. पशाने गाडी लावायची, आणि आम्ही बघत बसायचं.

*

गाडी आल्यानंतरचा पहिला रविवार. मखमलाबादच्या बाजूला द्राक्षबागेला लागून एक मिसळीचं हॉटेल आहे, तिथे ठरलं होतं. रविवारी सकाळी तिथे गाड्यांची जत्रा असते. आम्ही तिघं टेबल धरून बसलो, पशाचा पत्ता नाही. फोन केला तर म्हणाला, पोहोचलोय, गाडी लावतोय.

आमची मिसळ आली. पापड चुरून झाला, जादा रस्सा मागवून झाला. चहा आला तेव्हा पशा घामाघूम होऊन चालत आला आणि उन्हाकडे तोंड करून बसला. तिथून दूरवर लाल ठिपका दिसत होता म्हणे.

त्याने मिसळ मागवली, तर हॉटेलचा मालकच जवळ आला. अदबीने म्हणाला, "साहेब, तुमची गाडी पुढच्या हॉटेलसमोर लागलीय. तिथली मिसळ आवडली नाही का?"

*

हळूहळू पशाने गाडी लावायचे नियम तयार केले. शेजारी लहान मुलांवाली गाडी नको, कारण मुलं दार धाडकन उघडतात. शेजारी आधीच चेपलेली गाडी नको, कारण ज्याची एकदा लागली त्याला पुन्हा लावायची भीती उरत नाही. झाडाखाली नको, पक्षी असतात. रिक्षा स्टँड, शाळा, भाजीवाले, क्लासेस, मंगल कार्यालय यांच्या जवळ नको. उतारावर नको. कोपऱ्यावर नको. जिथे फार गाड्या आहेत तिथे नको, आणि जिथे एकही नाही तिथे तर मुळीच नको, कारण कोणीच लावत नाही म्हणजे काहीतरी कारण असणार.

सरने हे सगळं एका रविवारी पेपर नॅपकिनवर लिहून घेतलं. एकेक नियम लावत नाशिकमधल्या जागा खोडत गेला. चहा संपेपर्यंत हिशेब लागला.

"पशा, सगळ्या नियमांत बसणाऱ्या नाशिकमध्ये दोनच जागा आहेत," सर म्हणाला. "एक तुझं पोर्च, आणि दुसरी जिथून तू ती आणलीस ते शोरूम."

पशाला हसू आलं नाही. तो नॅपकिन त्याने घडी करून खिशात ठेवला.

*

मग त्याची दाढ दुखायला लागली. डॉक्टर कॉलेज रोडला, दुसऱ्या मजल्यावर. गाडी खाली रस्त्याला लावण्यावाचून इलाज नव्हता. दोन दिवस त्याने लवंग धरून काढले, तिसऱ्या दिवशी गाल सुजला तेव्हा गेला.

बिल्डिंगचा वॉचमन म्हातारा, सुरगाण्याकडचा, अगदी सरळ माणूस. पशाने त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं की या गाडीच्या जवळ कोणाची गाडी लागता कामा नये. वॉचमनने मान डोलावली. वर तासभर काम चाललं. पशा तोंड उघडं ठेवून खुर्चीत, आणि जीव खाली.

खाली आला तर वॉचमन जागेवर उभा होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना कोणी गाडी लावलेली नव्हती. कारण डाव्या दाराला त्याने स्वतःची सायकल टेकवून ठेवली होती, आणि उजव्या दाराला शेजारच्या दुकानाची लोखंडी शिडी.

"जागाच ठेवली नाय कोणाला," वॉचमन म्हणाला.

पशाला ओरडताही येईना, अर्धं तोंड बधिर होतं. सायकलच्या हँडलला रबरी मूठ होती आणि शिडीला वॉचमनने गोणपाट गुंडाळलं होतं, म्हणून निभावलं. त्या गोणपाटाचं मला आजही कौतुक वाटतं. एवढा विचार तर आमच्या पशानेही केला नसता.

*

खरी पंचाईत पिंपळगावला झाली. सीझन सुरू झाला, की पॅकहाउसच्या आवारात सकाळपासून टेम्पो येतात, रिव्हर्स घेतात, क्रेट उतरवतात. पशाने आपली गाडी आवारात, ऑफिससमोर लावली आणि ड्रायव्हर लोकांना जपून रिव्हर्स घ्यायला सांगितलं.

ड्रायव्हर इतके जपायला लागले की कोणी रिव्हर्सच घेईना. टेम्पो बाहेर रस्त्यावर उभे करायचे, आणि हमालांनी एकेक क्रेट डोक्यावर घेऊन लाल गाडीला वळसा घालत आत आणायचा. द्राक्षं उन्हात तापायला लागली. मॅनेजर जुना माणूस, पशाच्या वडिलांच्या वेळचा. त्याने तीन दिवस पाहिलं, आणि चौथ्या दिवशी सकाळीच फोन करून विचारलं, "शेठ, गाडी घरी ठेवून येताय, का माल घरी पाठवू?"

तेव्हापासून पशा कामाला पॅकहाउसच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जातो. गाडी घरी असते.

*

आता माईंबद्दल सांगायला हवं. माई म्हणजे पशाची आई, वय चौऱ्याहत्तर, माहेर कळवणचं. त्यांचा थोरला भाऊ तिथेच जुन्या घरात राहतो. माई त्याला दादा म्हणतात. दादांचं वय ऐंशीच्या पुढे, पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले. गाडी आली त्या दिवशी माईंनी त्यांना फोनवर सांगितलं होतं, की पशाने लाल गाडी घेतली, लय देखणी हाय. अंथरूण धरल्यावर दादा म्हणाले, आता तीच घेऊन ये, खिडकीतून बघतो.

माईंनी मनात धरलं, जायचं तर त्याच गाडीतून. वहिनींनी टॅक्सी करून देते म्हटलं, तर नको म्हणाल्या. भावाने मागून मागून काय मागितलं, तर गाडी बघायची. तेवढं करायचंच.

पशा नाही म्हणत नव्हता. पण दादांचं घर बाजाराच्या गल्लीत. समोर पिठाची गिरणी, तिथे लोक बाइकवर पोती टाकून येतात. जीपवाले तिथूनच वळवतात. गाडी लावायची कुठे? प्रत्येक वेळी तो म्हणायचा, माई, पुढच्या रविवारी नक्की. असे चार महिने रविवार पुढे गेले. माई फक्त फोनवर दादांना सांगायच्या, पोराला काम हाय.

*

दरम्यान एकदा पशा गाडी घेऊन इरफानकडे आला, चेहरा उतरलेला. दाराच्या मुठीखाली ओरखडा आहे म्हणाला. योगायोगाने मीही तिथे होतो. आमच्या धंद्यात पत्र्यावरचा दोष बघायला ट्यूबलाइट धरतात. पत्र्यात तिची सरळ रेघ उमटते, आणि कुठे दबलं असेल तिथे ती वाकडी होते. इरफानने ट्यूब आणली आणि वाकून बघायला लागला. पशा ऑइलच्या डब्यावर बसून राहिला. आत डॉक्टर आहेत आणि आपण बाहेर बाकावर, असा.

रेघ खरंच होती. बारीक, चांगली वीतभर लांब. इरफानने ती बोटाने पुसली, तर बोटाला चिकटून आली. कोळ्याचं जाळं होतं.

पशाने सुटकेचा श्वास सोडला. इरफान मात्र बोटाकडे बघतच राहिला.

"भाई, कोळी चालत्या गाडीवर घर नाही करत," तो म्हणाला. "किती दिवस हलली नाही ही?"



*

हा किस्सा सांगावा की नाही, असा मला प्रश्न होता, कारण यात हसण्यासारखं फारसं नाही. सरच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न होतं. संभाजीनगर रोडला एका लॉन्सवर. पशा आला, वेळेवर आला, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. पण लॉन्सच्या पार्किंगमध्ये इतकी गर्दी की त्याला गाडीपासून हलवेना. आत बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, जेवणाच्या पंगती उठल्या. पशा गाडीपाशी उभा. इरफानने त्याला ताट तिथेच नेऊन दिलं.

शेवटी प्रज्ञाच बाहेर आली. पांढरी साडी, हातभर बांगड्या, बरोबर नवरा. म्हणाली, काका, तुम्ही आत आला नाहीत म्हणून आम्हीच आलो. दोघं पाया पडायला वाकले. पशाचा हात पुढे झाला. तो तिच्या डोक्यावर जायचा, तर गेला तिच्या बांगड्या आणि गाडीचं दार यांच्या मध्ये.

सर मागेच उभा होता. तो मुलीला घेऊन आत गेला. मला पशाचा राग आला, आणि त्याच्या तोंडाकडे बघून वाईटही वाटलं. त्याचं त्यालाच कळलं होतं. पुढचे दोन रविवार सर मिसळीला आला नाही. तिसऱ्या रविवारी पशा त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आला. वहिनींच्या स्कूटरवरून.

*

आणि हा गेल्या महिन्यातला. शनिवारी कळवणहून फोन आला, दादांनी दोन दिवसांपासून अन्न सोडलंय. पशाने आम्हाला कळवलं, उद्या मिसळ नाही, माईंना घेऊन जातोय. जाण्याआधी भेटावं म्हणून मी रविवारी सकाळी त्याच्या बंगल्यावर गेलो.

माई पोर्चमध्ये खुर्चीवर तयार होऊन बसल्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, मांडीवर पिशवी, पिशवीत दादांसाठी मऊ करून घेतलेली नागलीची भाकरी आणि द्राक्षांचा डबा. समोर गाडी धुऊन पुसून लखलखत होती. पशा फोनवर कोणाशी तरी बोलत फेऱ्या मारत होता. त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं. गिरणी आज चालू आहे का? मागच्या अंगणात गाडी जाईल का? बैलगाडी हलवता येईल का?

फोन ठेवून तो माईंजवळ आला. उकिडवा बसला. म्हणाला, आज तिकडे बाजार आहे, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. उद्या सोमवार, उद्या पहाटेच निघू. नक्की. शपथ.

माईंनी मान हलवली. पशा आत पाणी प्यायला गेला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, माई, चहा घेतला का तुम्ही?

माई म्हणाल्या, "तुझं काम गाड्यांच्या ओरखड्यांचं ना रे?"

"हो माई."

"मग मला सांग, गाडीला कुठं लागलं तर जास्त दिसत नाय?"

मला वाटलं, म्हातारीला पोराची काळजी लागलीय. मी खुर्ची सरकवून नीट समजावून सांगितलं. दारावर लागलं तर लगेच दिसतं, बॉनेटवर तर फारच. मागच्या चाकाच्या वर, खालच्या अंगाला जरा लागलं तर सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. पत्राही तिथे जाड असतो.

माईंनी नीट ऐकून घेतलं. पिशवी खुर्चीवर ठेवली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली कोठीच्या कुलपाची लांब किल्ली निवडली, आणि गुडघ्यावर हात ठेवत, सावकाश, गाडीच्या मागच्या चाकापाशी जाऊन वाकल्या. मी उठेपर्यंत झालं होतं. बोटभर रेघ, सरळ, रंग जाऊन आतला पत्रा दिसत होता.

पशा पाण्याचा ग्लास हातात घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं.  मी नजर चुकवली, कारण जागा मीच दाखवली होती.

माईंनी किल्ल्या कमरेला खोचल्या, पिशवी उचलली, गाडीचं दार उघडलं आणि वाकून, धरत धरत, आत बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मग पशाकडे बघून म्हणाल्या,

"लेकरू देखणं असलं की तीट लावत्यात. लावली. आता कोणाची नजर नाय लागत. चल, दादा हाय तोवर जाऊन येऊ."