काळ्या डोळ्यांच्या लेकी

नसीमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या टॉवेलच्या कारखान्यात होते. मालाचा ट्रक मार्गी लावला आणि मगच निघाले. तिला हे पटलं असतं. रडत बसलेल्यांना ती कामाला लावायची.

माझी ही शाळासोबतीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. कारखान्यामागच्या बॅरलमध्ये तिला एकदा डासाची अशी अळी सापडली, जिच्या डोळ्यांत काळा ठिपकाच नव्हता. "आंधळी आहे का गं?" मी विचारलं. "दिसतं की तिला. डोळ्यात रंग नाही, एवढंच. आणि बॅरल झाकत जा, लाज वाटू दे जरा!" अळी वाढली, नर निघाला. घरी जाळीच्या पिंजऱ्यात तिने त्याला काळ्या डोळ्यांच्या माद्या दिल्या, तर पिल्लं झाडून सारी काळ्या डोळ्यांची. "संपलं तुझं पांढरं," मी म्हणाले. "संपतंय कुठं! लेकींच्यात दडलंय. त्यांच्या निम्म्या लेकांत उतरणार बघ." उतरलं. पुढे पांढऱ्या डोळ्यांच्या माद्याही मिळाल्या आणि वंश चालू राहिला. अंडी घालायला मादीला रक्त लागतं. नसीमा बाही सारून एक हात पिंजऱ्यात ठेवायची, दुसऱ्याने पेपर तपासायची...

ती दवाखान्यात असताना, ऐन उन्हाळ्यात वीज गेली, कूलर बंद पडला आणि पांढऱ्या डोळ्यांचे सगळे डास मेले. मी तिला तसंच सांगितलं. "मोरीजवळचा पिंजरा?" तिने विचारलं. वर्गात दाखवायला तिने पहिल्यासारखीच जोडी पुन्हा लावली होती. "तो ओलाव्यानं वाचला. पण त्यात नुसते काळेच आहेत," मी म्हणाले. "टाकू नको. बाप पांढरा आहे त्यांचा." आमचं शेवटचं धड बोलणं हेच.

तिसऱ्या दिवशीची जियारत झाली आणि तिचा भाऊ सलीम फिनेल घेऊन पिंजऱ्याच्या खोलीत आला. "आपाच गेली ताई, आता मच्छर कशाला पाळायचे?" त्याचं चूक नव्हतं, घरात लहान मुलं. "थोडे दिवस दे," म्हटलं आणि बाही सारली. इतकी खाज सुटते हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

परवा पाण्याच्या ट्रेमधल्या नव्या अळ्या भिंगाखाली बघत होते. काळे ठिपके, काळे ठिपके... मग एक बिनठिपक्याची. सलीमला हाक मारली. त्याने बराच वेळ पाहिलं. "हे कुणावर गेलंय?"

"आजोबांवर."

पिंजरा आता माझ्याकडे असतो, दुहेरी जाळीत. मागचं बॅरल झाकलेलं असतं.